हुकूमनामा आणि हद्द



हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, अशी नोंद प्रिव्ही कौन्सिलनं 1872 साली दरभंगा राजच्या एका खटल्यात केली होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. या अडचणींतली एक आज उलगडून सांगायची आहे : जिंकलेला माणूस एका हद्दीत, आणि हरलेल्याची मालमत्ता दुसऱ्या.

समजा, सोलापूरच्या सूत व्यापाऱ्यानं वसुलीचा दावा जिंकला. प्रतिवादीची इमारत विजयपूरला आहे. सोलापूरचं कोर्ट तिथं जप्ती करू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 मध्ये 2002 च्या दुरुस्तीनं हे स्पष्टच लिहिलं. मग हुकूमनाम्याची नक्कल आणि बाकी रकमेचा दाखला विजयपूरला जातो. तिथल्या कोर्टाला अंमलबजावणीचे पूर्ण अधिकार मिळतात, पण मूळ निकाल बरोबर की चूक, हे तपासायची मुभा नसते. ही रचना मला फार सुज्ञ वाटते. मात्र कागद पोहोचेपर्यंत इमारत विकली गेली तर? त्यासाठी कलम 46 आहे. हुकूमनामा देणारं कोर्ट प्रीसेप्ट, म्हणजे आज्ञापत्र, पाठवून दुसऱ्या कोर्टाकरवी मालमत्ता तात्पुरती जप्त करवू शकतं. ही जप्ती साधारण दोन महिने टिकते, आणि मुदत वाढवूनही मिळते. वकिलांनी निकालाच्या दिवशीच हा अर्ज तयार ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हद्दी बदलल्या की काय होतं, हे शितोळे सरदारांच्या खटल्यात दिसतं. त्यांनी 1947 मध्ये ग्वाल्हेर संस्थानच्या कोर्टात वसुलीचा दावा लावला. प्रतिवादी संयुक्त प्रांतातले. ते हजरच झाले नाहीत. 1948 मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे राज्यघटना आली, 1951 मध्ये संहिता तिकडेही लागू झाली आणि हुकूमनामा अलाहाबादला गेला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ठरवलं, की निकालाच्या वेळी ग्वाल्हेरचं कोर्ट परकंच होतं. अंमल होणार नाही. शितोळ्यांबद्दल वाईट वाटतं. तरीही निर्णय मला पटतो. ज्या कोर्टाचा अधिकार प्रतिवादीनं कधी मानलाच नाही, त्याचा निकाल नकाशा बदलला म्हणून त्याच्या गळ्यात कसा घालणार?

हा प्रश्न परदेशांबाबत आजही जिवंत आहे. ब्रिटन, सिंगापूर आणि जानेवारी 2020 पासून संयुक्त अरब अमिरात यांच्याशी आपला परस्पर-मान्यतेचा संबंध आहे. त्यामुळे दुबईच्या कोर्टाचा पैशांचा हुकूमनामा पुण्याच्या जिल्हा न्यायालयात थेट दाखल करता येतो, अर्थात परकीय निकालाविरुद्धचे संहितेच्या कलम 13 मधले आक्षेप खुले ठेवून. अमेरिका त्या यादीत नाही. न्यू जर्सीत जिंकलेल्या मराठी माणसाला इथं त्या निकालावर नवा दावाच लावावा लागतो, तोही निकालापासून तीन वर्षांच्या आत.