रात्रीचं खुराडं मजबूत, दिवसाचा वाडा स्वस्त

(कोकणातील एका गावात महिला बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोंबड्यांवर बोलायला हिला कशाला बोलावलं, असं काहींना वाटलं असेल. कोंबड्या कशा पाळायच्या हे मी तुम्हाला शिकवणार नाही. ते तुम्हालाच जास्त कळतं. माझं रोजचं काम एवढंच असतं: एखादी व्यवस्था कुठून फुटेल ते शोधायचं आणि हाताशी असलेला थोडा पैसा नेमका तिथे लावायचा. खुराड्यालाही तोच हिशोब लागू पडतो.

आधी पैशाचं बोलू. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली जवळपास ३२ कोटी परसातली, म्हणजे तुमच्या-आमच्या अंगणातली. आपल्या घरांत शेत, गाडी, दुकान बहुधा पुरुषांच्या नावावर असतं. अंड्यांचे पैसे मात्र बाईच्या हातात येतात. मुलीची वही, स्वतःचं औषध, गटाचा हप्ता त्यातून निघतो, आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून एका रात्रीत आठ कोंबड्या मेल्या की त्या बाईची सगळी पुंजी जाते. पुन्हा सुरुवात करायला पैसे मागावे लागतात, आणि बऱ्याच जणी तिथेच थांबतात. हे टाळायला फार खर्च लागत नाही.

पहिला प्रश्न: नुकसान दिवसा होतं की रात्री? मुंगूस, घार, शिक्रा, कावळा हे दिवसाचे चोर. कांडेचोर, रानमांजर, घूस हे बहुतेक रात्रीचे. भटकी कुत्री दोन्ही वेळी येतात. पिसं अंगणभर विखुरलेली असतील तर कुत्र्याचा संशय घ्या. भर दुपारी पिल्लू गेलं आणि मागे काहीच उरलं नाही, तर वर आकाशाकडे बघा. चोर कळला की खर्च निम्मा होतो, कारण सगळीकडे जाळी मारायची गरज राहत नाही.

माझं सांगणं एका वाक्यात असं: रात्रीचं खुराडं लहान पण पक्कं करा, दिवसाचा वाडा मोठा पण स्वस्त करा. रात्री कोंबडीला नीट दिसत नाही, ती पळूही शकत नाही. तिला वाचवायला फक्त भिंत असते. म्हणून पैसा तिथे घाला. दहा कोंबड्यांना रात्री झोपायला वीसेक चौरस फूट जागा पुरते. एवढंच पक्कं करायचं आहे.

बाजारात षटकोनी छिद्रांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही; दातांनी ओढली की फाटते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश महाग असते, म्हणून ती मोजून वापरा: खुराड्याच्या हवेच्या झरोक्यांना आणि वाड्याच्या खालच्या दोन फुटांना. त्याच्या वर साधी जाळी किंवा बांबूच्या कामट्या चालतील. खुराड्याचं छत मात्र विसरू नका. कांडेचोर झाडावरून उतरतो आणि सैल कौल सरकवून आत शिरतो.

उकरणाऱ्या जनावरांसाठी खोल चर खणायची गरज नाही. जाळीचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि त्यावर चिऱ्याचे तुकडे, माती टाका. जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागतं आणि जाळीवरच अडतं. फूटभर मागे सरकून खणावं, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

घारीसाठी वाड्यावर मासेमारीचं जुनं जाळं ताणा. बंदरावर फाटकी जाळी स्वस्तात मिळतात. ते घट्ट ताणा, नाहीतर त्यात साप आणि पक्षी अडकतात. जाळं नसेल तर हातहात अंतरावर सुंभ बांधा आणि पिल्लांना पहिले काही आठवडे डालग्याखाली ठेवा.

विष घालणं आणि तारेत वीज सोडणं, या दोन्ही गोष्टी कधीही करू नका. त्यात शेजारचं मूल जाऊ शकतं. शिवाय मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

आता हवामान. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खुराडं चिऱ्यांवर फूटभर उचला आणि छपराची पागोळी दोन फूट बाहेर काढा. खाली भाताचं तूस पसरा. रोज मूठभर तूस हातात दाबून बघा. गोळा झाला तर ते ओलं आहे, बदला. ओल्या तुसावर रक्ती हगवण पसरते. पावसाच्या बाजूला जुन्या फ्लेक्सचा पडदा लावा, पण तो खालून वर ओढायचा आणि वर वीतभर जागा उघडी ठेवायची. सगळं बंद केलं तर विष्ठेचा वायू आत कोंडतो. वाकून आत डोकवा. तुमचे डोळे चुरचुरले, तर कोंबडीचेही चुरचुरतात.

उन्हाळ्यात पत्रा हा मोठा शत्रू. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. पत्र्याला वरून चुना मारा आणि त्यावर झावळ्यांचा थर द्या. ओली गोणपाटं मराठवाड्याच्या कोरड्या हवेत छान काम करतात. आपल्या दमट हवेत कमी. आपल्याकडे सावली आणि वारा जास्त उपयोगी. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूनं आत शिरत नाही. मडक्यातलं पाणी सावलीत ठेवा आणि भर दुपारी दाणा टाकू नका.

यातली सर्वात स्वस्त गोष्ट म्हणजे वेळेवर दार लावणं. कोंबड्या आत जायची वेळ आणि मगरिबची वेळ जवळपास एकच. नेमकी त्याच वेळी बाई चुलीपाशी असते, रमजानमध्ये तर इफ्तारीच्या गडबडीत. दार तेव्हाच उघडं राहतं. म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्या. नमाजला निघालेल्या मुलानं जाता जाता कोंबड्या मोजाव्यात, कडी लावावी आणि कडीत तारेचा आकडा अडकवावा. अंडी सगळं घर खातं, तर कडी एकट्या बाईनंच का लावायची?

भिंत आणि जाळी मर मात्र थांबवत नाहीत. राणीखेतच्या लसीसाठी गटानं मिळून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कुपीत बऱ्याच कोंबड्यांची लस असते, एकटीची वाया जाते.

आज घरी गेल्यावर संध्याकाळी खुराड्याभोवती एक फेरी मारा. जिथे तुमची मूठ आत जाते, ती फट बुजवा. सुरुवात तिथून करा.