जुना वाडा आणि नगराची यादी

नागपूरच्या महाल भागांत भोसल्यांचा राजवाडा होता. काळ्या पाषाणाचा व लांकडावरील कोरीव कामानें नटलेला हा राजवाडा १८६४ सालीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. उरला तो नगारखान्याचा भव्य दरवाजा. राज्य १८५४ सालींच खालसा झालें होतें. म्हणजे दहा वर्षांच्या आंत राज्यहि गेलें आणि राज्याचें घरहि गेलें. आगीपुढें मनुष्याचा इलाज चालत नाहीं, असें म्हणून त्या हानीचें समाधान करून घेतां येईल. पण आज जुने वाडे पडतात ते आगीनें नव्हे, तर सह्यांनीं. वडिलांच्या मागें चार भावांत वांटणी होते, घराची दुरुस्ती कोणालाच परवडत नाहीं, जागेला मात्र सोन्याचा भाव येतो. आणि एके दिवशीं करारनामा होऊन सागवानी खांब व तुळया भंगाराच्या भावानें विकल्या जातात.

अशा वास्तूला कायद्याचें कांहीं पाठबळ आहे काय? १९०४ सालीं लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. पुढें मध्यवर्ती सरकारनें १९५८ सालीं व महाराष्ट्र राज्यानें १९६० सालीं आपापले कायदे केले. परंतु या कायद्यांची दृष्टि मुख्यतः किल्ले, लेणीं व मंदिरें यांच्याकडे. गल्लींतल्या नांदत्या घरापर्यंत ती क्वचितच पोहोंचते. त्या घराकरितां वाट निघाली ती १९६६ च्या नगररचना कायद्यांतून. त्याच्या आधारें मुंबईसाठीं १९९५ सालीं वारसा-नियम अमलांत आले. आणि २००३ सालीं नागपुरांतील १५५ वारसास्थळांची यादी राज्य सरकारनें मंजूर केली.

या यादींत केवळ इमारतीच आहेत असें नाहीं. कस्तुरचंद पार्कचें मोकळें मैदानहि तींत आहे. मैदानाचा वारसा तो कसला, असें कोणी विचारील. १८१७ सालची सीताबर्डीची लढाई ज्या टेकडीवर झाली, तिच्यापासून हें मैदान जवळच आहे. आणि २०२० सालीं येथें खोदकाम चाललें असतां जमिनींतून जुन्या तोफा निघाल्या. या प्रश्नाला याहून चांगलें उत्तर कोण देणार?

यादींतील वास्तूंच्या तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणींत सर्वांत मोलाच्या वास्तू येतात. त्यांचें आयुष्य वाढविण्यापुरतीच डागडुजी करावी, असा दंडक असतो. दुसऱ्या श्रेणींत बाह्य रूप राखून अंतर्भागांत सोईचे बदल करतां येतात. तिसरींत याहूनहि अधिक मोकळीक असते.

येथेंच पुष्कळ घरमालकांचा गैरसमज होतो. यादींत नांव गेलें कीं घर सरकारजमा झालें, अशी भीति त्यांना वाटते. वस्तुतः मालकी जेथल्या तेथें राहते. घरांत राहावें, भाड्यानें द्यावें, विकावें. त्याला आडकाठी नाहीं. बंधन एवढेंच कीं, घर पाडण्यापूर्वीं अथवा त्याचें रूप पालटण्यापूर्वीं परवानगी मागावी लागते आणि वारसा-समितीचें मत घेतलें जातें. नोंद म्हणजे जप्ती नव्हे. विचारल्यावांचून हातोडा पडूं नये, एवढीच ती तजवीज आहे.

नोंद व्हावी असें ज्याला वाटतें, त्यानें आपल्या घराची कैफियत तयार केली पाहिजे. आखीव पत्रिका, जुन्या सनदा व खरेदीखतें, चौक व ओसरी दाखविणारा नकाशा, जुनीं छायाचित्रें, एखाद्या सार्वजनिक घटनेशीं अथवा व्यक्तीशीं असलेला संबंध, हे सारे पुरावे होत. केवळ वय पुरेसें नाहीं. या घरावांचून नगराच्या इतिहासांतील कोणतें पान कोरें राहील, हें सांगतां आलें पाहिजे.

आतां मालकाची तक्रार. शोभा नगराची आणि खर्च माझा, हा कोठला न्याय? ही तक्रार खोटी नाहीं. न्यूयॉर्क शहरांत १९६३ सालीं पेनसिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत पाडण्यास आरंभ झाला. लोक हळहळले आणि १९६५ सालीं वास्तुरक्षणाचा कायदा झाला. पुढें ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या मालक कंपनीला स्थानकाच्या डोक्यावर पन्नासाहून अधिक मजल्यांचा मनोरा उभारावयाचा होता. परवानगी नाकारली गेली, तंटा सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि १९७८ सालीं निकाल शहराच्या बाजूनें लागला. पण त्या व्यवस्थेंत मालकाला एक सवलत होती: आपल्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क त्याला जवळपासच्या दुसऱ्या जागेवर नेतां येत होता. मुंबईच्या नियमांतहि असा हक्क अन्यत्र नेण्याची सोय ठेवली गेली. ज्या नगराला वाडा हवा आहे, त्यानें वाड्याच्या छपराचा थोडा भार आपल्या खांद्यावर घेतलाच पाहिजे. एरवीं यादी म्हणजे मालकाला नुसती शिक्षा ठरेल, आणि घर पाडण्याऐवजीं तें पडूं देणें त्याला सोईचें वाटेल.

तोंवर मालकाच्या हातीं असलेलें कामहि थोडें नाहीं. पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं. पन्हळी मोकळ्या ठेवाव्या. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊं नये, कारण त्यानें आंतली ओल आंतच कोंडते. आणि कागदपत्रांची जुळवाजुळव वांटणीच्या बोलण्याआधीं करावी, मागाहून नव्हे. राजवाडा जळाला तेव्हां निदान दरवाजा उरला. करारनाम्यावर सह्या झाल्यानंतर तेवढेंहि उरत नाहीं.