भित्र्या कुत्र्यास दोन दिवसांचा विसांवा

आश्रयगृहांतील भित्रें कुत्रें दोन दिवस घरीं न्यावें आणि पुन्हा त्याच पिंजऱ्यांत सोडावें, ही दया कीं क्रौर्य? शंका रास्त आहे. अमेरिकेंत २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत पांच आश्रयगृहांतील २०७ कुत्रीं एक-दोन रात्रींसाठीं घरोघरीं पाठविण्यांत आलीं होतीं. तेथें त्यांस सलग झोंप लाभली. मूत्रांतील कॉर्टिसॉल हें मनावरील ताण दर्शविणारें द्रव्य उतरलें. परतल्यावर तें पूर्वीइतकें झालें. त्याहून वाढलें नाहीं. म्हणजे विसांवा थोडा खरा, पण अपायकारक नव्हे.

पुण्याच्या एखाद्या कुटुंबानें असा पाहुणा मावळांत, इंद्रायणीकांठच्या आंबीस नेला, तर ती आपली सहल न समजतां त्याची विश्रांति समजावी. रोगप्रतिबंधक लस टोचल्याची खात्री आधीं करावी. औद्योगिक वसाहतीकडील मोटारींची वर्दळ टाळावी. बाहेर असतां दोरी क्षणभरही सोडूं नये. अनोळखी मुलखांत बुजून पळालेलें जनावर सहसा हातीं लागत नाहीं. घरांत एक शांत कोपरा, पाणी व नेहमींचेंच अन्न द्यावें. मुलांनीं त्यास कुरवाळण्याची घाई करूं नये. तें आपण होऊन जवळ येईल तेव्हां यावें.

परत पोंचवितांना तें किती निजलें, कशास भ्यालें, कशानें शेपूट हलवूं लागलें, हें लिहून द्यावें. पिंजऱ्यांत थरथरणारा जीव घरांत कसा वागतो, हें कायमचें घर देऊं इच्छिणाऱ्यास अशा टिपणावरूनच कळतें.