आठवड्याचं जेवण रविवारीच ठरवू या

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



कमिटीने मला आरोग्यावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर नाही. ३६ वर्षं बँकेत काढलेला साधा बी.कॉम. माणूस. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "काय खायचं ते डॉक्टर सांगतातच. ते रोजच्या रोज जमवायचं कसं, तेवढं तुम्ही सांगा." तेवढंच सांगायला उभा आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा घराघरात शाळेचे डबे होते, क्लास होते, सकाळी पाण्याची गडबड होती. आता मुलं कुणाची पुण्याला, कुणाची बंगळुरूला, कुणाची न्यू जर्सीला. बऱ्याच फ्लॅटमध्ये आपण दोघंच, काही ठिकाणी एकटं माणूस. आणि जेवणाचं काय? "दोघांसाठी काय एवढं करायचं!" म्हणून रात्री चहा आणि खारी, नाहीतर सकाळचा भात फोडणी देऊन. लिफ्टमध्ये भेटल्यावर मात्र बोलणं शुगर, बीपी आणि गुडघे यांचंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं म्हटलं आहे. मीही त्यातलाच एक, गोळी सुरू होऊन बारा वर्षं झाली.

आता मूळ मुद्दा. आपल्या घरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? "आज भाजी काय करू?" हा प्रश्न संध्याकाळी सात वाजता पडला, की त्याला उत्तरं दोन-तीनच असतात. बटाटा, पोहे, नाहीतर मोबाइलवरून मागवलेलं. कारण सात वाजता मटकीला मोड आणता येत नाहीत. सात वाजता मेथीची जुडी आणून, निवडून, धुऊन भाजी करायला अंगात त्राण नसतं. शरीराला चांगल्या असणाऱ्या बहुतेक गोष्टींना आधी नोटीस द्यावी लागते. मंगळवारी दुपारी उसळ हवी, तर कडधान्य रविवारी रात्री भिजायला पडलं पाहिजे, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधलं पाहिजे. हे कुणाच्या तरी लक्षात राहायला हवं. आजवर ते घरातल्या बाईच्याच लक्षात राहत आलं. सत्तरीतही तिच्याच डोक्यावर ते ओझं का असावं?

म्हणून आमच्या घरी गेली काही वर्षं आम्ही रविवारी सकाळी चहा झाल्यावर दोघं एक कागद घेऊन बसतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात. कागद फ्रिजवर चिकटवायचा. कागदावर असल्यामुळे भिजत घालण्याचं काम माझं, मटार सोलणं माझं, पालेभाजी निवडणंही माझंच. सौ. म्हणते, रिटायर झाल्यानंतरचं हे खरं पोस्टिंग.

आमचा एका आठवड्याचा कागद तुमच्या माहितीसाठी देतो:

सोमवार : ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाचं वरण, ताक. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, काकडीची कोशिंबीर.
मंगळवार : पोळी, मटकीची उसळ, गाजराची कोशिंबीर. रात्री पालकाची ताकातली भाजी, भाकरी.
बुधवार : पोळी, दोडक्याची भाजी, आमटी-भात. रात्री मुगाचं धिरडं, दही.
गुरुवार (उपवास) : भगर, दाण्याची आमटी, ताक, एक फळ. रात्री दुधी घालून वरण, पोळी.
शुक्रवार : पोळी, कोबीची पीठ पेरून भाजी, चवळीची उसळ. रात्री उकडलेली अंडी किंवा पनीर, टोमॅटोचं सार, भाकरी.
शनिवार : पिठलं-भाकरी, कांदा, मुळ्याचा चटका. रात्री भाजणीचं थालीपीठ, दही.
रविवार : खाणाऱ्यांना मासे, न खाणाऱ्यांना वालाचं बिरडं, भात, सोलकढी. गोड असेल तर एक छोटी वाटी, दुपारीच.

यात परदेशातून मागवायचं काहीच नाही. आपल्या आईच्या स्वयंपाकघरातलंच आहे सगळं. श्रावण आला की मासे जातात, चातुर्मास पाळणाऱ्यांच्या कागदावरून कांदा-लसूण जातो. थंडीत ज्वारीऐवजी बाजरी, पावट्याच्या शेंगा, मटार. उन्हाळ्यात कैरी आणि कोकम. भाजी आणायची तीही हिशोबाने: पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, दोडका-भेंडी मधे, कोबी, दुधी, लाल भोपळा आठवड्याच्या शेवटी.

कागद लिहिताना आम्ही तीन गोष्टी तपासतो.

पहिली, प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. आता जमा बाजू पाहा. ३० ग्रॅम कोरड्या कडधान्याची वाटीभर उसळ साधारण ७ ग्रॅम देते. एक अंडं ६ ग्रॅम, कपभर दूध ६ ग्रॅम, बाकीचं पोळी-भाकरीतून येतं. दोन वेळा डाळ किंवा उसळ आणि दोन वेळा दूध-दही असेल, तर हिशोब जुळत येतो. पण आमटी पाण्यासारखी आणि डाळ तळाशी, रात्री चहा-खारी, असं असेल तर रोज तूट. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, त्यात ही तूट. मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो आणि आपण म्हणतो, वय झालं.

दुसरी, भाजी. त्याच संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांच्या ताटात अर्धा भाग भाज्या आणि फळांचा आहे. आपल्या ताटात भाजी डावीकडच्या चटणीपेक्षा थोडीशीच जास्त असते! भाजीची वाटी मोठी घ्या, पोळी एक कमी करा. मधुमेहींसाठी एक सांगतो. ज्वारी-बाजरी चांगलीच, पण भाकरीने साखर वाढतच नाही हा समज खरा नाही. ते धान्यच आहे, तेव्हा भाकऱ्या मोजूनच खायच्या. उपवासाच्या भगरीचंही तेच. साबुदाणा तर जवळपास नुसता स्टार्च, म्हणून आमच्या गुरुवारी तो नसतो.

तिसरी, मीठ आणि तेल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे दोघांना महिन्याला ३०० ग्रॅमच्या आत, तेही लोणचं, पापड, फरसाण धरून. एक किलोची पिशवी दोघांना तीन महिन्यांहून जास्त पुरली पाहिजे. घरी जाऊन पिशवीवर तारीख लिहून ठेवा, पुढचं आपोआप कळेल. तेलाच्या पिशवीवरही तारीख टाका. दोघांना महिन्याला लिटर-सव्वा लिटर पुरायला हरकत नाही.

ज्यांना किडनीचा त्रास आहे, किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हा कागद आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावा. त्यांना प्रथिनं आणि पालेभाज्यांचा हिशोब वेगळा असतो.

कागदाप्रमाणे सगळं होतं का? नाही होत. पाहुणे येतात, लग्नाचं आमंत्रण येतं, कधी कंटाळा येतो. सात दिवसांत पाच दिवस पाळलं तरी पुष्कळ. उरलेल्या दोन दिवसांत वडापाव खाल्ला तर आनंदाने खा.

शेवटी एक विनंती, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांसाठी. एकट्यासाठी मूठभर मटकी भिजवायचा उत्साह येत नाही, हे मी समजू शकतो. मग एका मजल्यावरच्या दोन-तीन घरांनी मिळून कागद करावा. मंगळवारची उसळ एका घरात, गुरुवारचं वरण दुसऱ्या घरात, वाट्या इकडून तिकडे. इमारत नवी होती तेव्हा आपण हे करतच होतो, दारं उघडी असायची. वाटी घेऊन रोज कुणी दार वाजवलं, तर कोण बरं आहे, कोण आजारी आहे, हेही त्याच दिवशी कळतं. सीसीटीव्हीत ते दिसत नाही.

सोसायटीच्या ऑफिसात आठवड्याचे कोरे तक्ते छापून ठेवले आहेत, सोमवार ते रविवार, मोठ्या अक्षरात. जाताना एकेक घेऊन जा. पुरुष मंडळींनी अवश्य घ्यावा. येत्या रविवारी भरा आणि पुढच्या मीटिंगला कुणाचं कसं जमलं ते सांगा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला आपल्यापैकी जितके जण याच हॉलमध्ये, आपल्या पायांनी जिना चढून येतील, तितकं चांगलं.