तबकडीचें लेखन आणि अधिकार

लिनक्स प्रणालींत ‘रूट’ हा सर्वाधिकारी. तबकडीवर लेसरनें मजकूर कोरणाऱ्या ‘सीडीरेकॉर्ड’ला त्याचे अधिकार कां लागत? माहितीचा ओघ क्षणभर खंडला, तर तबकडी वायां जाई. म्हणून त्यास स्मृतींत अढळ जागा व कामांत अग्रक्रम हवा असे. लेखनयंत्रासही थेट आज्ञा द्याव्या लागत. परंतु भलत्या आज्ञेनें यंत्रच निकामी होऊं शकतें; म्हणून २००४ सालीं लिनक्सच्या २.६.८ आवृत्तीनें सामान्य वापरणाऱ्याच्या आज्ञांना चाळणी लावली. खंडलेला ओघ सांभाळणारीं यंत्रें तोंवर आलींच होतीं. आज डेबियनमध्यें ‘सीडीरॉम’ गटांत नांव असलें, कीं बहुधा काम भागतें. कोठीच्या कामास कोठीचीच किल्ली द्यावी. साऱ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा नव्हे.