पांढरा केस आणि काळी पुडी
(महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, केस रंगवणे हा काय चळवळीचा विषय आहे का, असे मघाशी दोघीजणींनी मला विचारले. वस्तीतल्या कामात मला तो थेट पगाराच्या हिशेबात भेटला. साडीच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी पंचेचाळिशीची एक बाई. "गिऱ्हाइकासमोर बरे दिसत नाही, केस काळे करा," असे मालकाने तिला बजावले. गल्ल्यावरच्या मालकाचे स्वतःचे डोके पांढरेशुभ्र! तिने टपरीवरून काळ्या मेंदीची पुडी आणली. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले, कपाळावर पाण्याने भरलेले फोड आले. चार दिवस खाडा झाला, तेवढा पगार कापला. त्या पगारासाठी आम्ही अजून भांडतो आहोत.

मेंदी मुळात काळी नसतेच. तिच्या पानांनी पांढरा केस तांबूस, केशरी होतो. झटपट काळा रंग चढतो तो बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायअमाइन या रसायनामुळे. पाकिटावर कुठेतरी बारीक अक्षरांत त्याचे नाव किंवा 'पीपीडी' असते, सुट्या पुडीवर काहीच नसते. पुष्कळ जणींना त्याचा त्रास होत नाही, हेही खरे. पण एकदा वावडे निर्माण झाले की ते सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या खेपेला त्रास वाढू शकतो. म्हणून दर वेळी थोडासा रंग कानामागे लावून ४८ तास थांबायचे. "मागे लावला तेव्हा काही झाले नव्हते" यावर विसंबू नका. भुवयांना तर लावूच नका.

आधी मेंदी, मग निळीच्या पानांची पूड (कपड्यांची नीळ नव्हे!) लावली तर केस गडद होतात, पण त्यात अर्धा दिवस जातो आणि तो आपल्याला कोण देणार? माका-आवळ्याच्या तेलाने कोरडे केस मऊ होतील, गेलेला रंग परत येणार नाही. विशीतच केस पिकू लागले तर बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी जरूर करा.

आता दुसरी बाजू. नवरा गेलेल्या बाईने केस रंगवले की आळीत प्रश्न येतो, "आता कोणासाठी?" विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये संप केला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. म्हणजे सधवेने नोकरीसाठी काळे करायचे, विधवेने लोकांसाठी पांढरे ठेवायचे. मी स्वतः रंगवत नाही, पण रंगवणारीला नावे ठेवण्याचा धंदा आपल्या गटांतही चालतो, तो मला पटत नाही.

पुढच्या बैठकीला घरातली पुडी किंवा पाकीट घेऊन या. ज्यांना बारीक अक्षरे दिसत नाहीत त्यांनी चष्माही आणा.