दोघींच्या मधली जागा



ग्रंथालयाच्या शताब्दीत दृश्यकलेविषयी बोलण्याचे निमित्तही एक कथाच आहे. सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंग’मधील बिशन सिंग फाळणीनंतर दोन देशांच्या कुंपणांमधील, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. १९४६ साली कराचीत जन्मलेल्या, मुंबईच्या चित्रकर्त्री नलिनी मलानी यांनी तेव्हा ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ हे व्हिडिओ-मांडणशिल्प रचले. १९९९ साली ते मुंबईच्या तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडले गेले.

दालनात पत्र्याच्या ट्रंका, त्यांत चित्रे दाखविणारे संच. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एका साडीची घडी घालू पाहतात. सोबत अणुस्फोटांची दृश्ये.

अशा कलाकृतीपुढे आपण घाईने अर्थ विचारतो. ट्रंक म्हणजे स्थलांतर, साडी म्हणजे मायभूमी, अशी समीकरणे मांडली की कोडे सुटते. मन मात्र कोरडेच राहते. प्रतीक हे आधी वस्तू असते. घर सुटताना जेवढे नेता येईल तेवढेच ट्रंकेत मावते. आपल्या मिसरोदहून भोपाळ शहर ओलांडले की बैरागढ लागते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या त्या वस्तीत जुन्या ट्रंकेवर भाष्य करावे लागणार नाही.

साडीचेही तसेच. घडी नीट घालायला दोघी लागतात. काठाला काठ जुळवायचा, ताण सारखा ठेवायचा आणि शेवटी एकीने पुढे येऊन आपले टोक दुसरीच्या हाती द्यायचे. भिंतींवरच्या त्या दोघींना हे पुढे येणेच अशक्य आहे. मराठीत घडी वस्त्राची असते, तशी संसाराचीही. म्हणून हे दृश्य आपल्याला समजण्याआधी बोचते.

आणि दोघींच्या मधल्या जागेत कोण उभे असते? प्रेक्षक. माझ्या मते बिशन सिंग कोसळला ती हीच जागा. त्यामुळे येथील करुण रस दुरून हळहळण्यापुरता राहत नाही. स्फोटाच्या वाटेत आपणच असतो. विष कुंपण ओळखत नाही, हे डिसेंबर १९८४ ची रात्र पाहिलेल्या भोपाळकरांना वेगळे सांगायला नको.

प्रदर्शन संपले की मांडणशिल्प उतरविले जाते. कथा ग्रंथालयात राहते. ती पुन्हा वाचताना मधली जागा कोणाची, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.